शेजाऱ्याचं पान

प्लेनो, टेक्सस
१५ नोव्हेंबर २००४

चि. गिरिजास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला त्याचं कारण निव्वळ आळस. इथे आळसाला भरपूर जागा आहे. अरुण आणि शुभा सकाळी दोन गाड्यांतून दोन दिशांना निघून जातात, मग या एवढ्या मोठ्या घरात मी आणि फ्रीजची घरघर. नागपूरला नाटकं बसवत होतो तेव्हा तालमीला एक शांत खोली मिळावी म्हणून जिवाचं रान केलं. आता सहा खोल्या आहेत आणि तालीम करायला माणूस नाही. अरुण म्हणतो, बाबा, ईमेल करा. मी म्हटलं, ज्या भाचीला हाताला धरून पहिल्यांदा विंगेत उभं केलं, तिला मी हातानंच लिहिणार.

आज मात्र लिहिण्यासारखं घडलंय. तुझा अरुणदादा यंदा इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आहे. दिवाळीला त्याने तुमच्या न्यू जर्सीहून एक नाटक आणलं, ‘क्षमेचा दिवा’. लेखक, दिग्दर्शक आणि नट तिन्ही एकच, सुशांत कारखानीस. तुझ्या ओळखीचा असेल. नाव ऐकून मी जांभईच्या तयारीने गेलो होतो. पण पोरी, काय नाटक आहे! कोकणातलं गाव. एका बाईच्या नवऱ्याला मारेकऱ्यांनी घरातून ओढून नेलं. दार कुणी दाखवलं? शेजाऱ्याने. रोज ज्याच्याबरोबर पत्ते खेळायचा त्या शेजाऱ्याने. बाई बरीच वर्षं गप्प राहते आणि मग नवऱ्याच्या श्राद्धाला त्याच शेजाऱ्याला जेवायला बोलावते. पूर्ण नाटक म्हणजे ते एक जेवण. एकेक पदार्थ पानात पडतो आणि एकेक गोष्ट बाहेर येते. शेवटी ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते, म्हणते, ‘जा, तुला माफ केलं.’ अंधार. सगळं सभागृह रडत होतं. मीही रडलो, कबूल करतो.

बाईचं काम करणारी स्वानंदी नावाची मुलगी आमच्याकडेच उतरली होती. फार गुणी. गुढीपाडव्याला पुन्हा हेच नाटक आणायचं ठरतंय, इतकी लोकांची मागणी आहे.

तुझी ती जॉर्जियन लेखिका कशी आहे? तिच्याबरोबर काहीतरी भाषांतर करतेस असं लिहिलं होतंस, त्याचं काय झालं?

तुझा
त्र्यंबकमामा

●

जर्सी सिटी
२४ नोव्हेंबर २००४

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

भाषांतराचं काय झालं ते तुम्ही पाहून आलात. तुम्ही त्यावर रडलात.

मामा, ते नाटक एतेरीचं आहे. एतेरी द्वालिशविली. माझ्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. २००१ मध्ये एका युनिव्हर्सिटीच्या फेलोशिपवर आली, मग इथेच राहिली. तीन कादंबऱ्या आणि पाच नाटकं लिहिलेली बाई संध्याकाळी कॉलेजात रशियन शिकवते आणि सकाळी किचनच्या टेबलावर लिहिते. नाटकाचं नाव ‘शेजाऱ्याचं पान’. अख्खा एक हिवाळा आम्ही दर रविवारी बसलो. ती जॉर्जियन वाचायची, तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये सांगायची, मी मराठी करायची. एका वाक्यासाठी दुपार जायची.

आणि ती गोष्ट तिने रचलेली नाही. त्यांच्या देशात, जॉर्जियात, यादवी चालू होती तेव्हा तिच्या नवऱ्याला, गिवीला, बंदूकवाल्यांनी तिबिलिसीच्या घरातून नेलं. गिवी शाळेत संगीत शिकवायचा. त्याने फक्त एका जखमी मुलाला घरात ठेवून घेतलं होतं. दार दाखवलं ते समोरच्या रेझोने. गिवी परत आला नाही. रेझो पुढे शहरात मोठा माणूस झाला.

आणि शेवट? मामा, शेवट तसा नाहीच! त्यांच्यात मोठ्या जेवणात एक जण प्याला उचलून प्रत्येकाच्या नावाने बोलतो. ती रेझोला तो मान देते. मेलेल्यांची नावं घेता घेता त्याला गिवीचं नाव घ्यावंच लागतं. मग ती म्हणते, ‘आता घरी जा. उद्या पुन्हा ये. मी जिवंत आहे तोवर रोज तुला वाढणार आहे, आणि तू रोज त्याचं नाव घेऊन घास गिळणार आहेस.’ ती माफ करत नाही. तिबिलिसीत नाटकाचे दोनच प्रयोग झाले. रेझोच्या माणसांनी थिएटरवाल्यांना निरोप दिला की शेवट बदला, बाई माफ करते असं दाखवा. एतेरी नाही म्हणाली. प्रयोग बंद, नोकरी बंद, म्हणून ती इथे आली. ज्या शेवटासाठी तिने देश सोडला, तो सुशांतने बॉलपेनने खोडला.

मीच त्याला स्क्रिप्ट वाचायला दिलं होतं. आमच्या ड्रामा ग्रुपचा तो हेड. म्हणाला, ‘गिरिजा, फार परकं आहे यार, आपल्या पब्लिकला नाही चालणार.’ आणि परत दिलं.

एतेरीला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू? मामा, मला त्याला बरबाद करायचंय. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, दोन दिवस थांबून लिहितेय.

गिरिजा

●

प्लेनो
६ डिसेंबर २००४

चि. गिरिजास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. स्वतःच्या अश्रूंची लाज वाटली.

तुझ्या मराठी भाषांतराची एक प्रत मला पाठव. शेवटचा प्रवेश स्वच्छ अक्षरात. सुशांतशी भांडू नकोस, मंडळात कुणाला फोन करू नकोस, अरुणला तर मुळीच नाही. पाडव्याचा प्रयोग ठरला आहे. माझं वय झालं, मला विचार करायला वेळ लागतो.

मामा

●

जर्सी सिटी
१४ मार्च २००५

ती. मामांस,

स्क्रिप्ट पाठवून तीन महिने झाले. तुमचं एक अक्षर नाही. फोन केला तर शुभावहिनी म्हणाल्या, बाबा गराजमध्ये फेऱ्या मारतायत. परवा पुन्हा केला, तेव्हाही गराजमध्येच.

एतेरीला सांगितलं. मला वाटलं होतं ती आदळआपट करेल. तिने शांतपणे विचारलं, ‘माझं नाव काढलं, ठीक. माझ्या बाईच्या तोंडी काय घातलं?’ मी ‘जा, तुला माफ केलं’ इंग्लिशमध्ये सांगितलं. ती उठून सिंकपाशी गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, ‘रेझोला जे बंदुका दाखवून माझ्याकडून मिळालं नाही, ते ह्या माणसाने टाळ्यांसाठी देऊन टाकलं.’ त्या दिवसापासून तिने लिहिणं थांबवलंय. चौथी कादंबरी अर्धी पडली आहे. कागद टेबलावरून उचलून तिने कपाटावर टाकलेत.

मी तुमचं ऐकलं नाही. सुशांतला जाऊन भेटले. तो हसला, मामा. म्हणाला, ‘सुडाची कन्सेप्ट काय कुणाची प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे? मी कोकणात आणलं, श्राद्धाचं केलं, भाषा माझी.’ भाषा त्याची! अर्ध्याहून जास्त वाक्यं माझी आहेत. आम्ही दोघी वकिलाकडेही गेलो. तो म्हणाला, मराठी नाटकातली चोरी अमेरिकन कोर्टाला समजावून सांगेपर्यंत तुम्ही दोघी म्हाताऱ्या व्हाल.

आणि काल कळलं की पाडव्याच्या प्रयोगाच्या जाहिरातीत ‘ज्येष्ठ रंगकर्मी त्र्यंबक देशकर यांच्या शुभहस्ते सुशांत कारखानीस यांचा सत्कार’ असं छापलंय. तुम्ही त्याला शाल घालणार? मला कळतं, अरुणदादा अध्यक्ष आहे, तुम्ही त्याच्या घरात राहता, तुमचाही नाइलाज असेल. मग तसं सांगायचं होतंत. ‘विचार करतो’ म्हणून मला गप्प बसवायला नको होतं. गिवीला नेलं तेव्हा त्यांच्या बिल्डिंगमधले बाकीचे लोकही पडदे ओढून विचारच करत होते, असं एतेरी सांगते.

गिरिजा

●

प्लेनो
१२ एप्रिल २००५

चि. गिरिजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तुला काही कळू द्यायचं नव्हतं. तुला कळलं असतं तर तू आनंदाने कुणाला तरी सांगितलं असतंस. आता ऐक.

दिवाळीच्या प्रयोगानंतर स्वानंदी इथे सकाळी चहा घेताना मला म्हणाली होती, ‘मामा, माझा शेवट खोटा होतो का हो? इतकी वर्षं थांबलेली बाई एका वाक्यात कशी माफ करेल? मला रोज तिथे काहीतरी चिकटवल्यासारखं वाटतं.’ तेव्हा मी तिला काहीबाही उत्तर दिलं. तुझं पत्र आल्यावर ते आठवलं. तुझ्या स्क्रिप्टमधली शेवटची पानं मी तिला पोस्टाने पाठवली, सोबत चार ओळी. तिचा फोन आला. नुसती रडत होती. म्हणाली, ‘मी करते. मला ग्रुपमधून काढतील. काढू देत.’

मग तालमी सुरू झाल्या. फोनवर. गराजमध्ये मी खुर्चीवर मोबाइल स्पीकरवर लावून ठेवायचो आणि शेजाऱ्याचं काम करायचो. शुभाला वाटायचं, बाबा व्यायाम करतायत.

शनिवारी पाडवा. सभागृह भरलेलं. मी पहिल्या रांगेत, शेजारी अरुण. शेजाऱ्याच्या कामात सुशांत रंगात होता. कोकणी म्हातारा झकास उभा करतो, नट वाईट नाही, हे म्हणायलाच हवं. जेवण झालं, शेवटचं ताक वाढून झालं. तो मान खाली घालून बसला. स्वानंदीने हात उचलला, त्याच्या डोक्यापर्यंत नेला आणि मागे घेतला.

‘नाही,’ ती म्हणाली.

सुशांतला वाटलं पोरगी वाक्य विसरली. तोंड न हलवता त्याने कुजबुजत सांगितलं, ‘जा, तुला...’ पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं. ती म्हणाली, ‘ते वाक्य माझं नाही.’ आणि एतेरीबाईंचं वाक्य सुरू झालं. घरी जा, उद्या पुन्हा ये. तो गडबडून उठायला लागला. ती ओरडली नाही, नुसतं म्हणाली, ‘बस.’ आणि गिरिजा, तो बसला. आता त्याच्याकडे एकही वाक्य नव्हतं. दिवे सांभाळणारा माणूस ‘माफ केलं’ हे शब्द आले की अंधार करायचा म्हणून हात ठेवून थांबलेला. ते शब्द आलेच नाहीत, त्यामुळे अंधारही झाला नाही. सगळे दिवे अंगावर घेऊन सुशांत उष्ट्या पानापुढे बसून राहिला. घाम गळत होता. नट होता तो संपला होता, नुसता चोर उरला होता.

मग स्वानंदी पुढे आली. म्हणाली, ‘हे नाटक एतेरी द्वालिशविली यांचं आहे. मराठी गिरिजा परांजपे यांचं. ह्या बाईने कधी कुणाला माफ केलं नव्हतं. आज मी ती तुम्हाला दाखवली.’ कुणी टाळी वाजवली नाही. ती शांतता मला टाळ्यांपेक्षा गोड लागली. मग सत्काराला मला बोलावलं. मी वर गेलो आणि शाल स्वानंदीच्या खांद्यावर घातली.

आयुष्यात इतका ताजातवाना मी कधी झालो नव्हतो. एतेरीबाईंना हे सगळं सांग. काही गाळू नकोस.

मामा

●

जर्सी सिटी
२० एप्रिल २००५

प्रिय मामा,

मागच्या पत्रातलं ते पडद्यांचं वाक्य मी परत घेते. मला तुमच्या पाया पडायचंय, पण मधे अर्धी अमेरिका आहे.

पत्र घेऊन धावत वर गेले. वाक्य वाचायचं, इंग्लिश करायचं, पुढचं वाचायचं. एतेरी बटाटे सोलत होती. तुम्ही जिथे ‘तो बसला’ लिहिलंय तिथे तिने सुरी खाली ठेवली.

‘बसला? स्वतःहून?’

‘तिने सांगितलं म्हणून.’

‘घाम आला होता?’

‘हो.’

‘पुन्हा वाच.’

तेवढा भाग तिने माझ्याकडून किती वेळा वाचून घेतला, आठवत नाही. मग वाइनची बाटली काढली आणि दोन ग्लास भरले. म्हणाली, ‘रेझो माझ्या टेबलाशी कधी आला नाही. मी बोलावलं होतं, खरोखर बोलावलं होतं. तो आला असता तर मला नाटक लिहावंच लागलं नसतं. आज कुणीतरी बसलं.’ मग तिने ग्लास उचलून तुमच्या नावाने जॉर्जियनमध्ये बरंच काही म्हटलं. मला फक्त ‘त्र्यंबक’ कळलं, तेही नीट नाही.

इकडे धुमाकूळ आहे. सुशांतचे पुढचे सगळे प्रयोग कॅन्सल झाले. शिकागोवाल्यांनी तर स्पष्ट कळवलं, चोरीचा माल नको. ड्रामा ग्रुपने स्वानंदीला काढलं, आणि आठ दिवसांत ग्रुपच फुटला. लोक मला विचारतात, तुला वाईट नाही वाटत? नाही वाटत. मला झोप छान लागते.

तुमचा फोन कुणीच का उचलत नाही? अरुणदादाचा आवाज ऐकून किती दिवस झाले.

गिरिजा

●

प्लेनो
२ जून २००५

चि. गिरिजास आशीर्वाद.

तुला हे लिहायचं नव्हतं, पण तू शुभाला ऑफिसात फोन केलास आणि तिने अर्धं सांगितलं. उरलेलं मी सांगतो.

स्वानंदी शेवटची वाक्यं म्हणत होती तेव्हा माझे ओठही हलत होते. इतकी पाठ झाली होती मला. अरुणने वळून पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. आम्ही घरी आलो. गाडी आत लावल्यावर तो म्हणाला, ‘बाबा, सुशांत चोर असेल. मला सांगितलं असतंत तर मी प्रयोग रद्द केला असता. तुम्ही माझ्या घरात राहून, माझ्याच कार्यक्रमात, मला न सांगता हे केलंत. तुम्हाला न्याय नको होता. तुम्हाला नाटक हवं होतं.’

मुलगा माझाच आहे, नेमक्या जागी मारतो. त्याने आठवड्याभरात अध्यक्षपद सोडलं. मंडळाच्या अंकात मी माफीपत्र छापावं एवढंच त्याचं मागणं आहे. सुशांतची नाही, मंडळाची माफी. मी म्हटलं, तुझी मागतो, आत्ता, इथे, तुझ्यापुढे. मागितली. पण छापील नाही. ते छापलं की उद्या सुशांत तेच कापून सगळ्यांना दाखवत फिरेल. अरुण म्हणाला, मग तुम्ही नागपूरला गेलेलं बरं. जुलैचं तिकीट बघतोय.

अरुणचं दुःख खरं आहे आणि मला ते बोचतं. पण ती संध्याकाळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करीन. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात राहतात, गिरिजा, तू अजून लहान आहेस म्हणून तुला सांगून ठेवतो.

एतेरीबाईंना यातलं काही सांगू नकोस.

मामा

●

जर्सी सिटी
१९ जून २००५

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

सांगितलं. तुम्ही नको म्हणालात तरी. आणि अरुणदादाशीही बोलले, तासभर. तो रडला, मग चिडला, मग म्हणाला, ‘घेऊन जा तुझ्या मामांना.’ तेव्हा नागपूरचं तिकीट काढू देऊ नका. मी इकडच्या नुवर्क विमानतळाचं काढलंय, ते सोबत आहे. माझ्याकडे एकच बेडरूम आहे, ती तुमची. मी सोफ्यावर मजेत झोपते.

आता सुशांतचं ऐका. मंगळवारी तो माझ्या ऑफिसखाली उभा होता. बारीक झालाय. म्हणाला, ‘एतेरी मॅडमचं नाव सगळ्यात वर टाकतो. तुझं खाली, अनुवाद म्हणून. प्रोग्रॅमवर लेखी माफी छापतो. फक्त शेवट माझा राहू दे. लोकांना तोच आवडतो, गिरिजा, ते रडतात.’ मी म्हटलं, तिलाच विचार. संध्याकाळी ग्रोव्ह स्ट्रीटच्या स्टेशनपाशी कॉफी शॉपमध्ये आम्ही तिघं बसलो.

एतेरीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला गिवीची गोष्ट सांगितली, जी तिने मलाही पूर्ण सांगितली नव्हती. गिवीला नेलं तेव्हा त्याच्या पायात एकच चप्पल होती, दुसरी एतेरी हातात घेऊन जिन्यावरून त्याच्यामागे पळाली. रेझो आपल्या दारात उभा होता आणि तिला म्हणाला, ‘पडशील, सावकाश.’ सुशांतने तेही ऐकून घेतलं. तरी तो म्हणाला, ‘मॅडम, आय अ‍ॅम सॉरी. पण क्षमा ही सुडापेक्षा मोठी नाही का?’

ती म्हणाली, ‘आहे ना. माझ्याकडे असलेल्या सगळ्या वस्तूंत तीच मोठी आहे. म्हणूनच ती मी कुणाला देत नाही. आणि तू ती माझ्या घरातून उचलून माझ्याच शत्रूला नेऊन दिलीस.’

‘मग मला तरी माफ करा.’

‘नाही,’ ती म्हणाली, आणि त्याच्या कॉफीकडे बोट दाखवलं. ‘पी. गार होतेय.’

तो ती पिऊ शकला नाही. कप तसाच ठेवून गेला. आम्ही दोघी बसून राहिलो. मामा, मला कीव यायला हवी होती, नाही आली. एतेरीने घरी येऊन कपाटावरचे कागद खाली काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसली.

सप्टेंबरमध्ये इथल्या लायब्ररीच्या हॉलमध्ये ‘शेजाऱ्याचं पान’ करायचं ठरवलंय. मराठीत, तिच्या नावाने, जॉर्जियातच घडणारं, तिच्या शेवटासकट. बाई स्वानंदी. दिग्दर्शन तुमचं, हे विचारायचा प्रश्नच नाही. रेझो कुणी करायचा यावर वाद झाला. मी दोन-तीन नावं सुचवली. एतेरीने ती ऐकलीसुद्धा नाहीत. म्हणाली, ‘तुझ्या मामांना सांग, रेझो ते करतील. आणि नीट करायला सांग. लोकांना तो आवडला पाहिजे, त्याच्याबरोबर प्यावंसं वाटलं पाहिजे, त्याच्यासाठी रडू आलं पाहिजे. त्याशिवाय माझ्या “नाही”ला किंमत काय?’

पाठांतर करूनच विमानात बसा.

तुमची
गिरिजा